मामांचं बोट आणि संशोधनाचा प्रश्न : जुन्या सांध्याच्या फ्रॅक्चरमध्ये ‘यश’ कशाला म्हणायचं?



पीएचडीची तयारी करणाऱ्यांचा एक प्रश्न कायम असतो : “विषय मिळालाय, पण संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?” आज याचं उत्तर एका बोटावरून देतो. बोट माझ्या मामांचं आहे. मामा पालीचे. बीडहून सोलापूर रस्त्याने निघालात की बिंदुसरा धरणाजवळ लागतं ते पाली.

आधीच सांगतो, मी सर्जन नाही. माझं काम हाताची कार्यक्षमता कशी मोजायची यावर आहे. त्यामुळे हा लेख म्हणजे वैद्यकीय सल्ला समजू नका. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा : बोटाच्या सांध्याला मार लागून सूज आली, तर “मुरगळलंय, बसेल आपोआप” म्हणून सोडून देऊ नका. पहिल्या आठवड्यातच त्या एकाच बोटाचा, बरोबर बाजूने घेतलेला एक्स-रे काढून घ्या. का, ते पुढे कळेलच.

झालं काय?

मामा-मामी ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर टोळी निघते, गळीत हंगाम संपला की पाडव्याच्या आगेमागे परत येते. जानेवारीत मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना मामांचा पाय घसरला. तोल सावरायला हात पुढे केला आणि उजव्या हाताची अनामिका फाळक्यावर सरळ आदळली. बोट वाकडं झालं. सोबतच्यांनी ओढून सरळ केलं, बांबूची कामटी लावून फडक्याने बांधलं, आणि तिसऱ्या दिवशी मामा फडात उभे. उचल घेतलेली, वर खाडा धरला जाणार. दवाखान्यात कोण जातंय?

एक्स-रे निघाला तो एप्रिलमध्ये. तोवर तीन महिने उलटले होते. बोटाचा मधला सांधा जेमतेम 20 अंश हलत होता आणि कोयत्याची मूठ आवळली की कळ जात होती. दोन सर्जनांना दाखवलं. एक म्हणाले, “सांधा नव्याने बांधू.” दुसरे म्हणाले, “बांधायच्या भानगडीत पडू नका, सांधा पक्का करून टाका.” मामा माझ्याकडे बघून म्हणाले, “तू एवढं शिकतोस, तूच सांग आता.”

मी पेपर वाचायला बसलो. दोघांची मतं वेगळी का होती, हे पेपर वाचल्यावरच कळलं.

सांधा आधी समजून घ्या

प्रत्येक बोटाला (अंगठा सोडून) तीन हाडं आणि तीन सांधे असतात. त्यातला मधला सांधा बिजागरीसारखा : फक्त वाकतो आणि सरळ होतो, निरोगी असेल तर साधारण 100 ते 110 अंश. मूठ वळते ती मुख्यतः याच्या जोरावर. वरच्या हाडाचं टोक दोन उंचवट्यांचं असतं. खालच्या हाडाच्या पायथ्याशी त्यात बसणाऱ्या दोन उथळ वाट्या आणि मध्ये एक बारीक कणा. दोन्ही बाजूंना लिगामेंट आणि तळहाताच्या बाजूला ‘व्होलर प्लेट’ नावाची जाड पट्टी ही बिजागरी जागेवर धरून ठेवतात.

बोट किंचित वाकलेलं असताना टोकाकडून जोर आला की खालच्या हाडाच्या वाटीची तळहाताकडची कड फुटते. ही कड म्हणजे जणू दाराचा उंबरा. उंबराच गेला की हाड हाताच्या मागच्या बाजूला सरकतं. वाटीचा किती भाग फुटला यावर पुढचं सगळं ठरतं. ढोबळमानाने 30 टक्क्यांपेक्षा कमी भाग गेला असेल तर सांधा बहुधा स्थिर राहतो, 30 ते 50 टक्के म्हणजे काठावरची स्थिती, आणि 50 टक्क्यांच्या वर गेला तर तो निसटणारच. बाजूच्या एक्स-रेमध्ये सांध्याच्या मागच्या बाजूला इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी फट दिसली, तर हाड अजून जागेवर नाही असं समजायचं. समोरून घेतलेल्या एक्स-रेमध्ये हे सहज सुटून जातं. म्हणून सुरुवातीला “बरोबर बाजूने” म्हणालो.

‘जुनं’ म्हणजे किती जुनं?

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हाड ओढून जागेवर आणता येतं. तारा, पट्टी किंवा रबरबँडच्या ताणावर चालणारी चौकट लावून ते धरून ठेवता येतं. जपानच्या सुझुकी आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये मांडलेली पिन आणि रबराची चौकट आजही वापरात आहे. खर्च कमी, आणि बोट हलवत हलवतच हाड जुळतं.

उशीर झाला की चार गोष्टी होतात. लिगामेंट आखडतात. सांध्याच्या पोकळीत तंतुमय भर साचते. फुटलेला तुकडा भलत्याच जागी जुळतो. आणि सरकलेलं हाड चुकीच्या जागी घासत राहिल्याने कूर्चा झिजायला लागते. बऱ्याच पेपरांत सहा आठवड्यांनंतरच्या फ्रॅक्चरला ‘जुनं’ म्हणतात, काहींत तीन किंवा चार आठवड्यांनंतरच्या.

इथे थांबा. हा तुमचा पहिला धडा. व्याख्या बदलली की रुग्ण बदलतात, रुग्ण बदलले की निकालही बदलतो. चार आठवडे आणि चार वर्षं यांना एकाच टोपलीत टाकून काढलेली सरासरी कोणाच्याच कामाची नसते. पेपर वाचताना व्याख्या शोधा, आणि आपला प्रबंध लिहिताना ती पहिल्या पानावर ठेवा.

पर्याय कोणते?

जुन्या फ्रॅक्चरमध्ये सर्जनपुढे साधारण पाच वाटा असतात.

1. तुकडा परत कापून जागेवर बसवणं. तुकडा मोठा आणि एकसंध असेल तरच. जुन्या जखमेत तसा तुकडा क्वचितच मिळतो.

2. व्होलर प्लेट पुढे ओढून उंबऱ्याच्या जागी शिवणं. ईटन आणि मालेरिच यांनी 1980 मध्ये आपला दहा वर्षांचा अनुभव मांडला. सहा आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत सांध्याची हालचाल सरासरी 95 अंश होती, उशिरा झालेल्यांत 78 अंश.

3. मनगटातलं हाड आणून नवा उंबरा बांधणं. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला हॅमेट नावाचं छोटं हाड असतं. त्याच्या एका टोकालाही दोन उथळ वाट्या आणि मध्ये कणा असतो, अगदी बोटाच्या हाडासारखा. त्याचा कूर्चेसकट तुकडा काढून फुटलेल्या जागी बारीक स्क्रूने बसवतात. ही कल्पना हेस्टिंग्ज यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस मांडली. 2003 मध्ये विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी 13 रुग्णांचे निकाल छापले : सरासरी हालचाल 85 अंश.

4. कृत्रिम सांधा. सिलिकॉनचा सांधा अमेरिकेच्या स्वॉन्सन यांनी 1960 च्या दशकात आणला. कष्टाचं काम करणाऱ्या तरुण हातात तो सहसा टाळतात, कारण तुटतो.

5. सांधा कायमचा जोडून टाकणं, म्हणजे आर्थ्रोडेसिस. कूर्चा खरवडून दोन्ही हाडं वाकलेल्या स्थितीत एकत्र जुळवतात. तर्जनीला साधारण 40 अंश, आणि करंगळीकडे जाताना कोन वाढवत 55 अंशांपर्यंत. सांधा पुन्हा हलत नाही, पण दुखतही नाही आणि निसटतही नाही.

यात मराठी माणसाला माहीत असायला हवी अशी एक गोष्ट आहे : जेस. मुंबईचे हस्तशल्यचिकित्सक डॉ. बी. बी. जोशी यांनी विकसित केलेली ही बाहेरून लावायची चौकट. बारीक तारा, त्यांना जोडणारे क्लॅम्प आणि हळूहळू ताण देणारे स्क्रू, एवढंच साहित्य. आखडलेल्या जुन्या सांध्याला आधी रोज थोडा थोडा ताण देऊन मोकळं करायचं, मग पुढची शस्त्रक्रिया करायची, असं दोन टप्प्यांचं काम तिच्यामुळे कमी खर्चात होतं. आपल्याकडच्या अडचणीतून निघालेलं हे तंत्र आहे. तुमचा विषय कुठलाही असो, आपल्या भागातल्या लोकांनी आधी काय करून ठेवलंय ते शोधल्याशिवाय परदेशी पेपरांची यादी करू नका.

आकडे कसे वाचायचे?

आता खरी परीक्षा. वरचे आकडे वाचून तुमच्या डोक्यात दोन वाक्यं आली असतील : “लवकर केलं तर फायदा जास्त, 95 विरुद्ध 78,” आणि “हॅमेटची पद्धत व्होलर प्लेटपेक्षा बरी, 85 विरुद्ध 78.”

पहिलं वाक्य पटण्यासारखं आहे, पण तेवढ्या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. उशिरा येणारा रुग्ण फक्त उशिराच येत नाही. त्याची जखमही वेगळी असू शकते, कामही वेगळं, व्यायामाला यायची ऐपतही वेगळी. यातलं कशामुळे किती फरक पडला, ते सरासरी सांगत नाही. याला गोंधळकारक घटक म्हणतात, म्हणजे कन्फाउंडर.

दुसरं वाक्य तर चूकच. एक गट 1980 च्या आधीचा, दुसरा 2003 चा. रुग्ण वेगळे, सर्जन वेगळे, साधनं वेगळी. दोन वेगळ्या केस सिरीजच्या सरासऱ्या शेजारी ठेवून विजेता ठरवणं म्हणजे पालीतला पाऊस आणि महाबळेश्वरातला पाऊस मोजून छत्री चांगली कोणती ते ठरवणं.

मग नीट तुलना करायला किती रुग्ण लागतील? करून बघू. समजा दोन पद्धतींमध्ये 10 अंशांचा फरक महत्त्वाचा मानला. रुग्णारुग्णातली तफावत, म्हणजे प्रमाण विचलन, 20 अंश धरलं. 5 टक्के चुकीची मुभा आणि 80 टक्के ताकद घेतली तर सूत्र असं :

एका गटातले रुग्ण = 2 × (1.96 + 0.84)² × 20² ÷ 10² ≈ 63

दोन गट म्हणजे 126. त्यातले 20 टक्के पुन्हा तपासणीला येणार नाहीत असं धरलं तर 63 ÷ 0.8, म्हणजे एका गटात 79, एकूण 158. आता 13 रुग्णांच्या पेपरकडे पुन्हा बघा. तो वाईट नाही. “असं करता येतं” एवढं तो प्रामाणिकपणे सांगतो. “हेच करा” असं सांगायला तो पुरत नाही.

अजून एक सोपं हत्यार : तीनचा नियम. एखाद्या अभ्यासात एकाही रुग्णाला अमुक त्रास झाला नाही, तर खरा धोका शून्य नसतो. तो वरच्या टोकाला साधारण ‘3 भागिले रुग्णसंख्या’ इतका असू शकतो. 13 मध्ये शून्य असेल तर 3 ÷ 13, म्हणजे 23 टक्के. (इतक्या छोट्या संख्येला नियम ढोबळ पडतो, नेमकं गणित 21 च्या जवळ जातं. तरी पाचात एक झालाच की.) उलट उदाहरण बघा. बोटात अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं भुलीचं इंजेक्शन दिलं तर बोट मरतं, असं वर्षानुवर्षं शिकवलं जायचं. कॅनडातल्या लालोंड आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हात आणि बोटांच्या सलग 3110 रुग्णांची नोंद छापली. एकाचंही बोट गेलं नाही. 3 ÷ 3110 म्हणजे जवळपास हजारात एक, तेही वरच्या टोकाला. आता जागेपणी हाताची शस्त्रक्रिया करून रुग्णालाच टेबलावर “बोट हलवून दाखवा” म्हणता येतं, त्यामागे हा आकडा आहे. शून्य दोन्हीकडे सारखंच दिसतं. त्याचं वजन खालच्या आकड्यावर ठरतं.

यश कोणाच्या फुटपट्टीने?

बहुतेक पेपरांत यश अंशांत मोजतात. पण मामांचा प्रश्न अंशांचा नव्हता. ते म्हणाले, “कोयता धरता येईल का, आणि दसऱ्यापर्यंत येईल का?” मुकादम उचल देतो ती त्याच सुमारास. ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकाचा हात गेला की हिशेब ‘अर्ध्या कोयत्या’वर येतो. म्हणजे एका बोटावर दोघांची मजुरी टांगलेली.

कामाची क्षमता मोजायला प्रश्नावल्या आहेत. सगळ्यात प्रसिद्ध डॅश, 1996 ची. 30 प्रश्न, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. उत्तरांची सरासरी काढायची, त्यातून 1 वजा करायचा, 25 ने गुणायचं. 0 म्हणजे काहीच अडचण नाही, 100 म्हणजे पूर्ण अडचण. आता तिचे प्रश्न बघा. घट्ट झाकण उघडणं, किल्ली फिरवणं, स्वयंपाक करणं, हे ठीक. पण एका प्रश्नात उदाहरणं आहेत गोल्फ, हातोडा मारणं आणि टेनिस. दुसऱ्यात पत्ते आणि विणकाम. तिसऱ्यात फ्रिस्बी आणि बॅडमिंटन. आणि नियम असा की किमान 27 प्रश्नांची उत्तरं हवीत, नाहीतर गुण काढताच येत नाहीत. हे तीन प्रश्न कोरे राहिले की पुढचा एकही कोरा सोडायची सोय नाही. लैंगिक संबंधांबद्दलचा एक प्रश्न आहे, तो बायका परक्या माणसासमोर हमखास कोरा सोडतात. गेला तो रुग्ण अभ्यासातून! आणि “काहीतरी लिहा हो” म्हणून भरून घेतलं तर तो आकडा खोटा.

माझ्या मते संशोधनाचा प्रश्न इथे सापडतो. कुठली शस्त्रक्रिया चांगली, हे नंतर बघता येईल. बीडच्या ऊसतोड कामगाराचा हात ‘बरा झाला’ हे मोजायचं कशाने? मूठ किती किलोने आवळते ते यंत्रावर मोजता येतं. पण कोयत्याच्या जाडीच्या दांड्यावर, घामेजल्या हाताने, दिवसभर? मोळी उचलताना? पाचट ओढताना? ही यादी कामगारांना विचारूनच करावी लागेल.

पाठपुरावा : कॅलेंडर कोणाचं?

प्रस्तावात सगळे सहज लिहितात, “6 आठवडे, 3 महिने, 6 महिने, 9 महिने, 1 वर्ष.” मामांच्या कॅलेंडरवर लावून बघा. शस्त्रक्रिया एप्रिलअखेर. सहा महिने म्हणजे ऑक्टोबर, माणूस अजून घरी. नऊ महिने म्हणजे जानेवारी, माणूस कुठल्यातरी कारखान्याच्या तळावर कोपीत. वर्ष म्हणजे पुन्हा एप्रिल, माणूस घरी.

जानेवारीत तुमच्या तपासणीला कोण येईल? जो कामावर जाऊ शकला नाही तो. ज्याचा हात चांगला झाला, तो फडात असेल. म्हणजे तुमच्या नोंदीत फक्त बिघडलेले हात उरतील आणि तुम्ही लिहाल की शस्त्रक्रिया फसली. गळालेले रुग्ण कधीच योगायोगाने गळत नाहीत. म्हणून तपासणी हंगामाच्या आधी आणि नंतर ठेवा, मधली विचारपूस फोनवर करा, आणि कोण का आलं नाही याची वेगळी वही ठेवा. येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी अंदाजपत्रकात धरा. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनाही तशी भरपाई मान्य करतात. संमतिपत्र मराठीत असणं पुरेसं नाही, ते मामींना वाचून दाखवल्यावर समजलं पाहिजे. आणि उपचारांची तुलना करणारा अभ्यास असेल, तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर नोंदणी करा.

मग मामांनी काय केलं?

मी त्यांना दोन्ही बाजू सांगितल्या. सांधा बांधला तर हालचाल मिळण्याची शक्यता आहे, पण तीन महिने जुन्या, झिजलेल्या कूर्चेत खात्री कमी. महिनोन्‌महिने व्यायामाला यावं लागेल, आणि फसलं तर दुसरी शस्त्रक्रिया. सांधा जोडला तर हालचाल शून्य, पण साधारण दोन-अडीच महिन्यांत हाड जुळतं आणि विषय संपतो. निर्णय त्यांचा होता. त्यांनी सांधा जोडून घेतला, 50 अंशांच्या आसपास.

त्या दिवाळीनंतर मामा कोयता घेऊन गेले. कळ नाही, मूठ पक्की. पण ते बोट आता खिशात हात घालताना अडकतं, तांब्यात हात जात नाही, टाळी वाजवली की आवाज वेगळा येतो. थंडीत ठणकतं. अंशांत मोजलं तर मामा म्हणजे पूर्ण अपयश : हालचाल 20 वरून 0. मामींना विचाराल तर म्हणतील, “कोयता पुरा राहिला, अजून काय पाहिजे?”

एक मामा म्हणजे पुरावा नव्हे, हे मी तुम्हालाच आत्ता शिकवलंय. दुसऱ्या कोणाला, शिंप्याला किंवा तबलजीला, हाच निर्णय महाग पडला असता. पण प्रश्न कुठे शोधायचा, ते या एका माणसाने मला दाखवलं. सर्जनांची मतं जिथे जुळत नाहीत, तिथे बहुतेक वेळा पुरावा कमी असतो, किंवा दोघं वेगवेगळी गोष्ट मोजत असतात.

आता तुमचं काम. तुमच्या विषयातला एक पेपर घ्या आणि चार ओळी लिहा : व्याख्या काय, किती माणसं, किती गळाली, आणि यश कोणाच्या फुटपट्टीने मोजलं. चौथ्या ओळीपाशी अडलात तर घाबरू नका. बऱ्याचदा प्रबंधाचा विषय तिथेच असतो.

भेटू पुढच्या लेखात. तोवर हात सांभाळा.